पाच अश्वशक्तीचा ताळेबंद

किर्लोस्करांचं एव्ही-१ हे डिझेल इंजिन ज्यांनी शेतावर चालवलं किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासलं, त्यांना त्याचे आकडे तोंडपाठ असतात. एक उभा सिलिंडर, चार स्ट्रोक, पाण्याने थंड होणारं. बोअर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११० मिलिमीटर, मिनिटाला १५०० फेरे. आणि शेवटी निकाल: ३.७ किलोवॅट, म्हणजेच पाच अश्वशक्ती. आपण बहुतेक जण हा शेवटचा आकडा तेवढा वाचतो, ‘पाचचं इंजिन’ म्हणतो आणि पुढे जातो. पण आधीच्या तीन आकड्यांतून हा चौथा कसा निघतो ते सावकाश वाचावं, एकेका आकड्याशी थांबावं, असं हे लिखाण आहे. शक्तीचा हा हिशेब यंत्रशास्त्रातला सर्वांत प्रामाणिक मजकूर आहे, असं मला मनापासून वाटतं. त्यात तोटा झाकलेला नसतो, आणि तो कुणालाही स्वतः तपासून पाहता येतो.

हे रसग्रहण कोल्हापुरात बसून करायला अर्थ आहे. शिवाजी उद्यमनगरातल्या ऑइल इंजिनांच्या आणि सुट्या भागांच्या कारखान्यांनी या शहराला तालमी आणि गुळाच्या जोडीने यंत्रांची ओळख दिली. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत आजही सिलिंडर ब्लॉक, हेड, फ्लायव्हील ओतले जातात, घासले जातात, मापले जातात. १९४६ साली पुण्यात सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा मोठा कारखाना इथून जवळ कागललाच आहे. आणि पंचगंगा, भोगावती, वारणेच्या काठचा ऊस ज्या उपशावर वाढला, त्यातला कितीतरी उपसा याच जातीच्या इंजिनांनी केला. मागणारा, बनवणारा आणि दुरुस्त करणारा असे तिघंही एका तालुक्यात भेटावेत, अशी ही जागा.

मूळ मजकूर चार अक्षरांचा आहे: पी, एल, ए, एन. पी म्हणजे पिस्टनवरचा सरासरी दाब, एल म्हणजे स्ट्रोकची लांबी, ए म्हणजे पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ, एन म्हणजे फेरे. चौघांचा गुणाकार करायचा. चार स्ट्रोकचं इंजिन असेल तर दोनने भागायचं, मिनिटाचे सेकंद करण्यासाठी साठने भागायचं, की वॅट हाती येतात. जगभरची मुलं ही चार अक्षरं जोडून ‘प्लॅन’ म्हणून पाठ करतात. पाठांतर सोपं आहे, म्हणूनच बहुधा आत काय भरलं आहे ते पाहायचं राहून जातं.

पहिल्या दोन पायऱ्यांना भौतिकशास्त्र शाळेतलंच लागतं. दाबाला क्षेत्रफळाने गुणलं की बल मिळतं. बलाला अंतराने गुणलं की कार्य मिळतं. म्हणजे पी, ए आणि एल यांचा गुणाकार म्हणजे एका स्फोटाने केलेलं काम. एव्ही-१ पुरतं उलट्या बाजूने जाऊन पाहू. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे इंधन एकदा पेटतं; म्हणजे १५०० फेऱ्यांत ७५० वेळा, सेकंदाला साडेबारा वेळा. ३७०० वॅटला साडेबाराने भागलं की २९६ ज्यूल येतात. एक स्फोट, २९६ ज्यूल. तीस किलोचं पोतं जमिनीवरून एक मीटर उचलायला साधारण एवढंच काम लागतं. ५५३ घन सेंटिमीटरच्या त्या बंद जागेत हे काम सेकंदात साडेबारा वेळा होतं, आणि इंजिन सुरू आहे तोवर तासन्तास होत राहतं.

आता ‘पी’कडे बघा. चौघांत सर्वांत खोल अक्षर हेच. पेटलेल्या डिझेलचा दाब सिलिंडरमध्ये क्षणभर ६० बारच्या पुढे जातो. पिस्टनच्या माथ्यावर तीन टनांहून जास्त भार पडतो. पुढच्याच क्षणी पिस्टन खाली सरकतो, वायू पसरतो, दाब कोसळतो. मग एक्झॉस्ट, मग हवा आत घेणं, मग ती दाबणं. यात तर इंजिन स्वतःच्याच पदरचं खर्च करतं. या सगळ्या चढउताराच्या जागी सूत्र एकच शांत आकडा ठेवतं: सरासरी परिणामी दाब. एव्ही-१ साठी दांड्यावर मिळणाऱ्या शक्तीवरून तो काढला तर ५.३५ बार येतो. ६० च्या वर गेलेलं शिखर आणि हिशेबात धरलेले साडेपाचहून कमी. क्षणभराच्या ताकदीला या सूत्रात मान नाही. अख्ख्या फेऱ्यात जे टिकलं, तेवढंच ते मोजतं.

हा सरासरी दाब काढायची युक्ती डिझेल इंजिनाहून जुनी आहे. जेम्स वॅटच्या कारखान्यात जॉन सदर्नने १७९६ च्या सुमारास वाफेच्या यंत्राला एक पेन्सिल आणि सरकती पाटी जोडली. दाब वाढला की पेन्सिल वर जाई, पिस्टन हलला की पाटी आडवी सरके. कागदावर एक बंद वेटोळं उमटे. त्या वेटोळ्याच्या आतलं क्षेत्रफळ म्हणजे एका फेऱ्यातलं काम, आणि त्याची सरासरी उंची म्हणजे आपला ‘पी’. लोखंडाच्या आत, डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या जागी जे घडतं, त्याने स्वतःच आपली नोंद काढावी, ही कल्पना मला आजही विलक्षण वाटते. आज त्याच जागी दाबाचा संवेदक आणि संगणक असतो, पण पडद्यावर उमटतं ते तेच वेटोळं.

‘एल’ आणि ‘ए’ ही मात्र कारागिराची अक्षरं. ती कोल्हापूरच्या लेथवर आणि बोअरिंग मशीनवर ठरतात. त्यांतही ‘ए’ जास्त उदार आहे, कारण त्यात व्यासाचा, म्हणजे बोअरचा, वर्ग येतो. एव्ही-१ चं थोरलं भावंड टीव्ही-१ घ्या. स्ट्रोक तोच ११०, फेरे तेच १५००, बोअर मात्र ८० ऐवजी ८७.५ मिलिमीटर. शक्ती ३.७ वरून ५.२ किलोवॅट. बोअर साडेसात मिलिमीटरने वाढला, तर क्षेत्रफळ जवळपास २० टक्क्यांनी वाढलं. पण शक्ती वाढली आहे ४० टक्के. उरलेली वाढ कुठून आली? सूत्रात आता एकच जागा मोकळी आहे, ‘पी’ची. हिशेब केला की दिसतं, सरासरी दाब ५.३५ वरून ६.३ बारच्या आसपास गेला आहे. टीव्ही-१ मध्ये हवा थोडी जास्त दाबली जाते, दाबाचं गुणोत्तर १६.५ ऐवजी १७.५ आहे, पण एवढ्याने एवढा फरक पडत नाही. म्हणजे प्रत्येक घन सेंटिमीटर हवेत जास्त डिझेल जाळून जास्त काम काढून घेतलेलं आहे. दोन इंजिनांचे नुसते आकडे शेजारी मांडून आतल्या ज्वलनाची बातमी कळते.

असंच शेजारी मांडणं सव्वाशे वर्षांच्या अंतरानेही करता येतं. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी जर्मनीत ऑग्सबर्गला प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. एकच सिलिंडर, बोअर २५० मिलिमीटर, स्ट्रोक ४०० मिलिमीटर. मिनिटाला १५४ फेऱ्यांना १३.१ किलोवॅट. माणसाहून उंच असं ते धूड. आपल्या सूत्रात त्याचे आकडे घातले तर सरासरी दाब निघतो ५.२ बार. एव्ही-१ चा ५.३५. जवळजवळ तोच! मग फरक कशात पडला? डिझेलच्या इंजिनाला एक लिटर जागेतून ०.६७ किलोवॅट मिळत होते, एव्ही-१ ला ६.७ मिळतात. बरोबर दहापट. आणि फेरे १५४ वरून १५००, तेही जवळपास दहापट. ऑग्सबर्गचं यंत्र चार माणसांनी उचलून बैलगाडीत टाकावं इतकं लहान झालं ते मुख्यतः ‘एन’च्या जोरावर. एवढा मोठा इतिहास एका अक्षरात सापडतो, हे या सूत्राचं खरं वैभव.

म्हणून ‘एन’चा मोहही मोठा. बोअर वाढवायला नवा सिलिंडर ओतावा लागतो. फेरे वाढवायला, ते सांभाळणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग जराशी ताणली की झालं. शेतावर हे अनेकदा होतं. पाणी कमी पडतं म्हणून इंजिन थोडं पळवलं जातं आणि थोड्याच वेळात काळा धूर सुरू होतो. मिस्त्री येतो, धूर बघतो, स्प्रिंग ढिली करतो. त्याचा हात बरोबरच असतो, आणि त्यामागचं गणितही सांगण्यासारखं आहे. ‘एन’ १० टक्के वाढला की सूत्राप्रमाणे इंजिन फार तर १० टक्के जास्त देऊ शकतं. पण दांड्याच्या दुसऱ्या टोकाला सेंट्रिफ्यूगल पंप आहे, आणि त्याची मागणी फेऱ्यांच्या घनाने वाढते. १० टक्के जास्त फेऱ्यांना तो ३३ टक्के जास्त शक्ती मागतो. देणारा पहिल्या घाताने वाढतो, मागणारा तिसऱ्या घाताने. मधली तूट भरायला फ्युएल पंप आणखी डिझेल सोडतो. ते जाळायला सिलिंडरमध्ये हवा पुरत नाही. न जळलेला कार्बन काळा होऊन बाहेर पडतो. तो धूर म्हणजे बिघडलेला हिशेबच, डोळ्यांना दिसणारा.

भाजकातला तो ‘दोन’ही दुर्लक्षून चालणार नाही. चार स्ट्रोकांपैकी एकच कमावतो, तीन खातात. कमावता स्ट्रोक संपल्यावर पिस्टनला पुन्हा वर नेणारं, एक्झॉस्ट बाहेर ढकलणारं, ताजी हवा दाबणारं दुसरं कुणी आहे: फ्लायव्हील. सूत्रात फ्लायव्हीलचं नावही येत नाही, कारण तो शक्ती निर्माण करत नाही. एका क्षणाची कमाई पुढच्या तिघांना पुरवून वापरतो. पण तो नसेल तर एक सिलिंडरचं इंजिन पहिल्याच फेऱ्यानंतर गप्प होईल. कोल्हापूरच्या फौंड्रीत ओतलेल्या त्या जड चाकाची जागा सूत्रात ‘भागिले दोन’ एवढीच आहे.

आतापर्यंत आपण कंपनीचा आकडा खरा धरून चाललो. आता तो तपासायचा. यासाठी महागडं काही लागत नाही. दांड्यावर एक ड्रम बसवायचा, समजा २८ सेंटिमीटर व्यासाचा. त्याला दोन सेंटिमीटर जाडीची दोरी एक वेढा देऊन गुंडाळायची. दोरीच्या एका टोकाला वजनं, दुसऱ्या टोकाला स्प्रिंग काटा. इंजिन ड्रम फिरवायला बघतं, दोरी त्याला धरून ठेवायला बघते. वजनं वाढवत जायचं. गव्हर्नर डिझेल वाढवत फेरे सांभाळतो. आवाज जड होतो, घट्ट होतो. ड्रमच्या कडेच्या आत पाणी सोडलेलं असतं, कारण इंजिनाची सगळी शक्ती इथे घर्षणाने उष्णता होऊन संपते. ३.७ किलोवॅटने तासाला पाच लिटरहून जास्त पाण्याची वाफ होते. पाणी कमी पडलं की दोरी करपल्याचा वास येतोच.

समजा २० किलो टांगले असताना काटा ४ किलो दाखवतो. दोरीवरचा निव्वळ ओढा १६ किलो. त्रिज्या किती धरायची? ड्रमची १४ सेंटिमीटर, आणि वर दोरीची अर्धी जाडी, एक सेंटिमीटर. एकूण १५. हे ‘अर्धी दोरी धरणं’ मला या चाचणीतला सर्वांत देखणा तपशील वाटतो. ओढा दोरीच्या पृष्ठभागावरून जात नाही, तिच्या मधल्या रेषेवरून जातो, हे ज्याने प्रथम लक्षात आणलं त्याला यंत्र दिसत होतं. १६ किलोचे न्यूटन करून, त्रिज्येने आणि १५०० फेऱ्यांच्या कोनीय वेगाने गुणलं की उत्तर येतं ३.७ किलोवॅट. अर्ध्या दोरीचा विसर पडला तर ३.४५, अडीचशे वॅट नुसते कागदावर हरवतात. आणि गंमत अशी की या संपूर्ण हिशेबात बोअर नाही, स्ट्रोक नाही, दाब नाही. इंजिनाच्या आत काय आहे हे अजिबात न विचारता, त्याने बाहेर काय दिलं ते मोजून आपण त्याच आकड्यावर पोचलो. कंपनीचा आकडा आणि आपली स्वतंत्र मोजणी एका ठिकाणी मिळाली की त्यावर विश्वास बसतो.

पण आतून मोजलेली शक्ती आणि बाहेर मोजलेली शक्ती एकसारखी येत नाही, आणि खरी कथा त्या फरकात आहे. वेटोळ्यावरून काढलेली ती दर्शित शक्ती. दोरीने मोजलेली ती ब्रेक शक्ती. मधली कुठे गेली? पिस्टनच्या रिंगांत, बेअरिंगांत, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांत, तेलाच्या आणि पाण्याच्या पंपात. हा तोटा सिलिंडर न उघडता काढायची एक पद्धत विलान्स रेषा म्हणून ओळखली जाते. वेगवेगळ्या भारांना इंजिन किती डिझेल पितं ते मोजायचं आणि आलेखावर बिंदू मांडायचे. डिझेल इंजिनाचे हे बिंदू मधल्या पट्ट्यात साधारण सरळ रेषेत येतात. भार शून्य असतानाही डिझेल शून्य नसतं. नुसतं रिकामं फिरायलाही इंजिनाला खायला लागतं. मग ती रेषा तशीच मागे ओढायची, शून्याच्या पलीकडे, जिथे डिझेलही शून्य होईल तिथपर्यंत. रेषा जिथे अक्षाला मिळते, ते ऋण अंतर म्हणजे घर्षणात जाणारी शक्ती. जिथे इंजिन कधीच चालणार नाही अशा जागेवरचा बिंदू, चालत्या इंजिनाचं गुपित सांगतो.

आता सगळा ताळेबंद एका ठिकाणी मांडू. एक किलोवॅट-तासाला २८० ग्रॅम डिझेल, यांत्रिक कार्यक्षमता ७५ टक्के, पंपाची ६० टक्के, असं धरू. या आकाराच्या सांभाळलेल्या संचाला हे आकडे वावगे नाहीत. इंजिन तासाला साधारण सव्वा लिटर डिझेल पितं. एका स्फोटाच्या वाट्याला येतं २३ मिलिग्रॅम, म्हणजे पावसाच्या एका बऱ्या थेंबाएवढं. त्या थेंबात ९७८ ज्यूल उष्णता आहे. पिस्टनपर्यंत काम होऊन पोचतात ३९५. दांड्यावर येतात २९६. आणि पंपाने पाण्याला दिले १७८. ९७८, ३९५, २९६, १७८. नदीपासून मळा वीस मीटर उंच असेल तर त्या शेवटच्या १७८ ज्यूलांत नऊशे मिलिलिटरच्या आसपास पाणी वर चढतं. एका थेंबामागे जवळपास लिटरभर पाणी. तासाला सुमारे ४० हजार लिटर.

या उतरत्या ओळीकडे कुणी नालायकीचा पुरावा म्हणून पाहील. मला ती तशी वाटत नाही. श्रोटरच्या चाचणीत डिझेलच्या इंजिनाची कार्यक्षमता २६.२ टक्के भरली, तेव्हा त्या काळच्या वाफेच्या यंत्रांपुढे ती थक्क करणारी होती. आपल्या धरलेल्या आकड्यांत ती ३० टक्के येते. बाकीचं थंड करणारं पाणी आणि एक्झॉस्ट घेऊन जातात, आणि त्यातला बराच भाग निसर्गनियमानेच परत मिळणार नसतो. प्रत्येक पायरीवर किती गेलं आणि कशात गेलं हे सांगता येणं, हीच सुधारणेची पहिली अट आहे. रिंगांचं घर्षण कमी करायचं की पंपाचा इम्पेलर बदलायचा, हे या चार आकड्यांकडे बघूनच ठरतं. वरच्या उदाहरणात तर सर्वांत स्वस्त सुधारणा इंजिनात नाहीच, ती पंपात आहे.

इंजिनाच्या पाटीवरचा आकडा कोणत्या हवेत खरा, हाही प्रश्न या मजकुराचाच भाग आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे. एप्रिलच्या दुपारी पारा ३८ वर गेला की सिलिंडरभर हवेचं वजन, समुद्रकाठच्या २५ अंशांच्या हवेच्या तुलनेत, दहा टक्क्यांच्या आसपास कमी भरतं. डिझेल इंजिनाकडे हवा थोडी जास्तीची असते, त्यामुळे शक्ती लगेच तेवढी पडत नाही. पण पूर्ण भारावर धूर लवकर दिसतो. उसाला पाण्याची सर्वांत जास्त गरज नेमकी याच दिवसांत असते. म्हणून जाणता मिस्त्री शेतकऱ्याला काठावरचं इंजिन घेऊ देत नाही. गरज चारची असेल तर पाचचं घ्यायला सांगतो. प्रमाणित परिस्थिती, उंची आणि तापमान यांची दुरुस्ती हे सगळं त्या एका सल्ल्यात येतं.

हे सूत्र आपण मुलांना परीक्षेच्या उत्तरात शिकवतो: दिलेलं, काढायचं, सूत्र, उत्तर, खाली दोन रेघा. तेवढ्याने त्याचा रस पोचत नाही. कोल्हापुरात तर याला निमित्तही शोधावं लागणार नाही. सकाळी फौंड्रीत सिलिंडर हेड ओतताना पाहावं, दुपारी प्रयोगशाळेत दोरी आणि काटा लावून शक्ती मोजावी, संध्याकाळी नदीकाठच्या एखाद्या पंपावर पाणी किती पडतं ते हौद आणि घड्याळ घेऊन मोजावं, आणि तिन्ही आकडे एका वहीत एकाखाली एक लिहावेत. ते जुळले नाहीत तर आणखी उत्तम, कारण मग फरक कुठला ते शोधावं लागेल. पाच अश्वशक्ती हा कंपनीने दिलेला शब्द आहे आणि तो तपासायचा अधिकार दोरी, काटा आणि घड्याळ असलेल्या प्रत्येकाला आहे. या सूत्रात बनवणाऱ्याच्या नावासाठी अक्षर ठेवलेलं नाही. पी, एल, ए, एन भरले की उत्तर उद्यमनगरातल्या छोट्या शेडमधल्या इंजिनाला जसं मिळतं, तसंच ऑग्सबर्गच्या इंजिनालाही मिळतं.